कोल्हापूरचा डॉक्टर

आमची थोरली जाऊ, दमयंतीवहिनी, आढीतल्या आंब्याला नुसता हात लावून सांगायची, हा आजचा, हा उद्याचा. दोन हजार एकच्या मे महिन्यात मात्र तिने आढी उलगडलीच नाही. गवतात आंबे कुजले, घरभर वास सुटला, आणि ही आपली खिडकीशी बसलेली. मी तडकले. "अहो वहिनी, नाक चोंदलंय का तुमचं?"

"कळतंय गं. पण उठवत नाही."

उठवत नाही म्हणजे काय? ताप नाही, खोकला नाही. हिला कमी तरी काय होतं? मुलगा मुंबईत नोकरीला, मुलगी भार्गवी, तिचं लग्न ठरत आलेलं. वहिनीचे यजमान, माझे दीर आप्पा, म्हणाले, आळस. नणंद म्हणाली, पाळी जायच्या वयात होतंच असं. गुरवाने देवीला कौल लावला, पाकळी उजवी पडली, म्हणजे सगळं ठीक. झालं! मीही माझ्या कामाला लागले. वहिनी वाळत चालली. एक दिवस हळूच म्हणाली, "मला एकटीला विहिरीवर पाठवू नकोस हो." त्या दिवसापासून पाणी मीच आणायला लागले.

मनाचे डॉक्टर रत्नागिरीतही होते. पण इथे ती पायरी चढली की संध्याकाळी मिरकरवाड्यात मासळीबरोबर बातमी विकली जाते. "वेडीची मुलगी कोण करून घेईल?" आप्पा म्हणाले. मला राग आला, आणि पटलंही. मेलं, काय करावं कळेना. शेवटी आप्पा, वहिनी आणि मी, तिघांनी अंबाबाईच्या दर्शनाला जातो असं सांगून आंबा घाट ओलांडला आणि कोल्हापूर गाठलं.

दवाखान्यात शिरलो तर बाकावर कोण? भार्गवीची होणारी सासू, शेजारी तिचा नवरा! मोडलं लग्न, म्हटलं. पण मोडणार कोण? ते की आम्ही? दोघे पुरुष भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"तुम्हीपण अंबाबाईला?" ती कसंबसं म्हणाली.

वहिनी तिच्या शेजारी जाऊन बसली. "तुम्हालाही रडूच येत नाही का हो?"

त्यावर ती बाई जी रडायला लागली, ती थांबेचना. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आतून वहिनीचं नाव पुकारलं. आप्पा उठले, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी आमच्या विहीणबाईंना जाऊ द्या."