मायचं चांगलं रक्त

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. प्राणवायू कमी पडला की पेशीला ते कळतं कसं, हा धडा माझा आवडता. म्हणजे, होता.

पोरांना मी रांगोळीचं उदाहरण द्यायचो. पेशी एक प्रथिन सतत काढते आणि सतत पुसते, आणि पुसायला प्राणवायू लागतो. तो कमी पडला की पुसणं थांबतं, प्रथिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि निजलेली जनुकं जागी करतं. मग मूत्रपिंडाकडून हाडांतल्या मज्जेला सांगावा जातो, लाल पेशी वाढवा. हे सांगताना मी स्वतःवरच खूश असायचो.

माझी माय समुद्रपूरकडच्या आमच्या गावी भावाजवळ राहते. घरात गॅस होता, पण चहापुरता. बाकी सगळं चुलीवर, कारण कापूस निघाला की कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पऱ्हाट्या, जाळायला फुकट. हे भावाचं कारण. माझं कारण जास्त घाणेरडं होतं. मला चुलीवरचंच लागायचं. सुटीला मी कॉलेजातले मित्र घेऊन जायचो, माय गोवऱ्यांच्या धगीत कणकेचे रोडगे भाजायची आणि आम्ही बाहेर खाटेवर बसून "गॅसवर ही चव नाही" म्हणत बोटं चाटायचो. आत ती खोकत असायची. काळपट बेडका राखेनं झाकायची, हात धुवायची आणि तूप वाढायला यायची. आम्ही आणखी मागायचो.

मागच्या साली गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. आमच्याकडे बाईचं रक्त कमीच निघायचं, हे ठरलेलं. नर्सबाई लोहाच्या गोळ्या घेऊनच बसलेली. मायचा हिमोग्लोबिनचा आकडा सतराच्या वर गेला.

"आजीबाईले पाहा! शिका काही," नर्सबाई पोरींना म्हणाली.

भावाचा लगेच फोन आला. "मायचं रक्त तं जवान पोरीपेक्षा चांगलं हाय!"

आणि मी, जीवशास्त्राचा मास्तर, पेढे घेऊन गावी गेलो. मायचे ओठ जांभळट दिसले. मला वाटलं, पान खाल्लं असेल. माय जन्मात पान खात नाही.

पुढे तिचे पाय सुजले तेव्हा वर्ध्याला आणलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून पहिलंच विचारलं, "घरी चूल आहे?" मग त्या जे समजावत गेल्या ते मला तोंडपाठ होतं. धुरानं फुप्फुसं गेली होती. तिच्या पेशी वर्षानुवर्षं प्राणवायूसाठी ओरडत होत्या आणि त्या ओरडण्याचे आम्ही पेढे वाटले. शी! मला माझीच किळस आली.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"नोकरी," मी म्हणालो.

आता माय नाकात नळी घालून प्राणवायूच्या मशीनजवळ बसते. चूल मी माझ्या हातांनी फोडली. तिची चिकट काजळी नखांतून जाता जात नव्हती.

परवा गावी गेलो तर माझ्याकडे बघत म्हणाली, "वाळला रे तू. काऊन, जेवत नाई का? थांब, हे मशीन बंद करतो घडीभर. अंगणात गोवऱ्या लावून दोन रोडगे टाकतो तुह्यासाठी."

"काही नको!" मी खेकसलो.

पण त्याआधीच माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.