सत्तावीस कपांचा हट्ट

कपांच्या कारखान्यात माझी मावशी एकोणीस वर्षं एकाच टेबलाशी उभी आहे. खोके दोनच मापाचे, पाच कपांचा आणि आठ कपांचा. अर्धा खोका पाठवायचा नाही, रिकाम्या जागेत कप आपटून फुटतात. मागणीचा आकडा ऐकला की तिच्या डोक्यात खोके आपोआप मांडले जातात.

मी तिथेच चिठ्ठ्या लिहिते. चाळीस कप म्हटलं की माझा हात सवयीने लिहितो, पाचाचे आठ खोके. मावशीच्या हाताशी आठाचे असले, तर ती पाचच खोक्यांत काम उरकते. फाटकावरचा पहारेकरी चिठ्ठीशी खोके ताडून बघतो, कप नाही. एकदा तीन खोके कमी, एकदा सहा, पुन्हा तीन! साहेबांना चोरीचा संशय आला आणि त्यांनी सरळ कागद काढला: सोमवारपासून मावशी धुलाईच्या कामाला. मला तर तोंड लपवायला जागा उरली नाही.

मावशीने मात्र साहेबांना हाताला धरूनच टेबलाशी आणलं. आठाचे पाच खोके उघडले आणि तेच कप पाचाच्या खोक्यांत भरले. आठ खोके गच्च झाले. एक कप उरला नाही, एक कमी पडला नाही.

"कप तेवढेच, साहेब. खोके तेवढे बदलतात, आणि दरवेळी तिनाच्याच पटीत. चोर एवढा शिस्तीचा असतो होय?"

साहेब ओशाळले, पण हार मानतील तर शपथ. "एवढं येतं ना? मग ही आजची मागणी भरा. सत्तावीस."

"ते नाही व्हायचं. अठ्ठावीसपासून पुढे म्हणाल तो आकडा भरून देते. सत्तावीस तुम्हीच भरा."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. पाचाचे तीन, आठाचा एक. मग आठाचे तीन. मग सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. अर्धा तास आम्ही कामं टाकून मजा बघत होतो. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

शेवटी पाचाचे चार भरले, आठाच्या खोक्यात एक जागा रिकामी राहिली. साहेबांनी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग मावशीकडे. खिशातून धुलाईचा तो कागद काढला, चुरगाळला आणि त्या जागेत घट्ट कोंबला.

"आता नाही आपटणार," ते म्हणाले.