बापूंची अंधारी खोली

कोणाच्या घरी माणूस गेलं की लोक आधी धीर देतात. आमचे बापू विचारायचे, "मांडवात कुठं बसली होती तुमची माय?" नवख्याला वाटे, याचं डोकं फिरलं की काय. पण साकोलीच्या आसपासच्या खेड्यांतले लोक बरोबर उत्तर द्यायचे: पुतणीच्या लग्नात, खांबाजवळ, पोराला मांडीवर घेऊन.

बापू म्हणजे माझे धाकटे दीर. हायवेवर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. म्हाताऱ्या माणसांचा वेगळा फोटो तेव्हा कोण काढून ठेवी? तेरवीला हार घालायला तसबीर तर हवीच, मग लोक बापूंकडे धावत. बापू त्या लग्नाची निगेटिव्ह शोधून एन्लार्जरमध्ये लावत आणि साऱ्या गर्दीतून तेवढा एक चेहरा मोठा करून देत. म्हणून तर लग्नात नवरा-नवरीला ताटकळत ठेवून बापू आधी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांचे फोटो घेत. नवरीचा बाप ओरडला की म्हणत, "नवरीले सारेच पाह्यतात जी. ह्या बुढीले तुम्ही उद्या शोधसान."

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरही काही वर्षं हे चाललं. मग फिल्म गेली, पुढे रस्ता रुंद झाला त्यात स्टुडिओही गेला. सारं सामान आमच्या धानाच्या खोलीत आलं: उंच मानेचा एन्लार्जर, ट्रे, लाल दिवा, निगेटिव्हचे डबे. आमचे हे चिडवायचे, "धान ठेवाले जागा नाही, अन् याच्या अंधाराले खोली पाहिजे!" बापू हसत आणि खिडकीला काळा कागद चिकटवत. दर लगीनसराईच्या आधी ट्रे धुऊन पुसून ठेवत. मी म्हणायचे, "बापू, कायले धुता? आता कोण येते?"

"खरकटं भांडं कोणी ठेवते का, वहिनी?"

या सामानाचं काय करावं, हा घोर त्यांना होताच. भंडाऱ्याहून एक फोटोग्राफर आला. चांगला पोरगा, वाकून पाया पडला. म्हणाला, "काका, दुकानात काचेमागं ठेवतो. लोक पाहतीन." बापूंनी त्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. "चालवत असशील तं आत्ता ने, बाबू. नुसतं पाह्याले नाही देत." चालवणारा कोणी मिळेना. शाळेच्या गुरुजींनीही हात जोडले.

मग आमचे हे गेले. मुलानं मोबाइलमधला रंगीत फोटो मोठा करून आणला. छान होता. बापू त्याच्याकडे बघेनात. डब्यांतल्या कितीतरी निगेटिव्ह ओलीनं चिकटून गेल्या होत्या, त्यातून त्यांनी नणंदेच्या लग्नातली एक काढली. पंगतीत वाढताना हे हसताहेत, ती. फोटो धुवायची जुनी पावडर कालवली, पेटीत तळाला राहिलेला फोटोचा कागद घेतला आणि दार लावलं. मी बाहेर बसले. आतून पाण्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

दार उघडलं तेव्हा ट्रे त्यांच्या हातातच होता. कागद कधीचा खराब होऊन गेलेला. त्याच्यावर चेहरा जरासा उमटला असेल, तेवढ्यात सगळंच काळं पडत गेलं.

"वहिनी," ते म्हणाले, "दादा येऊन नाही राहिला."

सख्ख्या भावाला खांदा देताना न रडलेला माणूस उंबऱ्यावर बसून रडला.

तेरवी झाली आणि बापूंनी स्वतःच भंगारवाल्याला हाक मारली. एन्लार्जर फोडायला त्यानं अंगणातच हातोडा काढला.

"घरासमोर नोको फोडू रे."

"अख्खं सायकलवर बसत नाही ना, काका."

बापू आत गेले. ठोकणं थांबेपर्यंत बाहेर आले नाहीत.

उन्हाळ्यात कारध्याहून एकजण आला. "बापू आहेत का? मायचा फोटो काढाचा आहे मांडवातून." मी वळून पाहिलं. बापू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हळूच म्हणाले, "घरी नाही म्हणा." मी तसंच सांगितलं. त्यानंतर जो आला त्याला हेच सांगितलं.

पुढल्या थंडीत बापू गेले. अजूनही कोणी दूरच्या गावचं, ज्याला कळलं नाही असं, दारात येऊन बापूंना विचारतं. घरी नाहीत, म्हणते मी. आणि कुठं गेले, कधी येतील, असं त्यानं विचारायच्या आत पाणी आणायला वळते.