पाचव्या क्रमांकाचा बाण

हे माझ्या बायकोला, वैशालीला ठाऊक नाही. आमच्या मुलीलाही नाही. आणि ज्याला कळायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना अजूनही हात शिवशिवतात, हे आधीच मान्य करतो. गोष्ट वाईट आहे. पण ज्या दिवसांतली आहे ते दिवस — काय सांगू — माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे होते.

मी मूळचा नागपूरचा. कॅनडात, कनाट्यात टेलिकॉमच्या नोकरीत. काम मोजमापाचं. मापातून आलेला एकही आकडा सोयीसाठी गाळायचा नाही, हे मी हाताखालच्या मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की पाठीमागे ते माझी नक्कल करतात. घरीही तेच. विंटर टायर्समधली हवा, घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कधी बदलला, सगळं वहीत. अशा माणसाच्या हातात कुणी धनुष्यबाण दिला तर काय होईल?

दिला वॉल्टरने. समोरच्या घरातला, निवृत्त, सत्तरी ओलांडलेला. आमच्या तिथल्या पहिल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसताना मी पाठ धरून खाली बसलो, तेव्हा उरलेला अर्धा ड्राइव्हवे त्याने साफ करून दिला. ती आमची ओळख. हा माणूस चाळीस वर्षं धनुष्याने हरणाची शिकार करत होता आणि चाळीस वर्षांत एकही जनावर जखमी करून सोडलेलं नव्हतं. हे तो बढाई म्हणून सांगत नसे. मी विचारलं म्हणून कळलं.

त्याच्या गॅरेजमध्ये मला एक कोडं दिसलं आणि मी अडकलो. सरावाचा बाण आणि शिकारीचा बाण यांत फरक फक्त टोकाचा. सरावाचं टोक गुळगुळीत. शिकारीचं टोक, ज्याला ब्रॉडहेड म्हणतात, त्याला वस्तऱ्यासारखी पाती असतात. वजन दोन्हींचं शंभर ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम. बाण तोच, धनुष्य तेच, नेम तोच — तरी सरावाचा बाण मध्यात बसतो आणि ब्रॉडहेडचा भलतीकडे! का? कारण ती पाती म्हणजे बाणाच्या नाकावरचे पंख. मागची पिसं बाण सरळ न्यायला बघतात, पुढची पाती आपल्या मर्जीने ओढतात. धनुष्यात किंवा बाणात केसाएवढा दोष असला तरी साधं टोक तो पोटात घालतं. ब्रॉडहेड चारचौघांत सांगून टाकतं.

मी झपाटलो. त्या काळात आमच्या कंपनीत दर आठवड्याला कुणाचं तरी टेबल रिकामं होत होतं, आणि माझं डोकं मात्र टोकांमध्ये. तीन जातींची टोकं आणली. लागल्यावर उघडणारं, रुंद दोन पात्यांचं, आखूड तीन पात्यांचं. शनिवारी वॉल्टरच्या मेव्हण्याच्या शेतावर जायचं, वीस यार्ड, तीस यार्ड, प्रत्येक बाण कुठे बसला ते इंचात. आखूड तीन पात्यांचं जिंकलं. मग धनुष्य जुळवायचं. ब्रॉडहेड साध्या टोकाच्या चार इंच डावीकडे लागतंय? बाण ज्या आधारावर टेकतो तो किंचित उजवीकडे सरकव. पुन्हा सोड. आता दोन इंच. पुन्हा. एक. आणि मग एका संध्याकाळी दोन्ही जातींचे बाण एकाच मुठीएवढ्या जागेत — खट्, खट्, खट् — मी अक्षरशः उडी मारली. वॉल्टर म्हणाला, "इझी देअर, प्रोफेसर." तो मला प्रोफेसर म्हणायचा.

वैशाली म्हणाली, "अहो, झुरळ निघालं की मला हाक मारता, आणि आता हरीण?" आमच्या मंडळींत तर गंमतच झाली. आम्ही बौद्ध, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये वंदनेला जमतो. जेवताना मेश्राम काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, आत्ताच पंचशील म्हटलंस ना? पहिल्याच शीलावर नेम धरलास?"

"काका, तुमच्या ताटातली कोंबडी कुणी मारली?"

"दुकानदारानं. मी फक्त रस्सा वाढून घेतला."

सगळे हसले. पुढे वर्षभर तोच वाद चालला, पहिल्या शीलाचा, हिंसेचा. मी मुद्देसूद उत्तरं तयार ठेवली होती. चौथ्याकडे, खोटं न बोलण्याच्या शीलाकडे, कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नाही.

दुसऱ्या वर्षी मी वॉल्टरला म्हटलं, शिकारीच्या या सीझनला तुमचे बाण मी जुळवून देतो. सहा बाण. मी त्यांच्या पिसांवर सवयीने देवनागरी आकडे घातले, १ ते ६. वॉल्टर त्यांना माझी चित्रं म्हणायचा. प्रत्येक बाणाची परीक्षा अशी: टोकावर उभा धरून फळीवर भिंगरीसारखा फिरवायचा. टोक सरळ बसलं असेल तर बाण नुसता गुणगुणतो. तिरकं असेल तर थरथरतो. पाच बाण गुणगुणले. पाचव्या क्रमांकाचा थरथरला. अगदी थोडा.

थोडा म्हणजे किती? तेच तर मैदानावर बघायचं होतं. सीझन उघडायच्या आदल्या दिवशी वॉल्टरने साध्या टोकांच्या बाणांनी तीन फेऱ्या मारल्या, खांदा दुखायला लागला म्हणून गाडीत जाऊन बसला. आमची उंची सारखी, दोरी ओढायची लांबीही सारखी. त्याच्याच धनुष्याने, त्या सहा बाणांच्या शेवटच्या दोन फेऱ्या मी मारल्या. तीस यार्ड. पहिल्या फेरीत पाच बाण तीन इंचांच्या वर्तुळात — आणि पाचव्या क्रमांकाचा सहा इंच उजवीकडे. दुसऱ्या फेरीत? पाच बाण वर्तुळात. पाचव्या क्रमांकाचा सहा इंच उजवीकडे.

एकदा झालं तर हात हलला म्हणता येतं. दोनदा, तोच बाण, तेवढंच अंतर — याला काय म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे. ते शिकवण्याचाच मी पगार घेतो. वहीत मी लिहिलं: "५ — सोडताना हात हलला. हिशेबात धरू नये."

का? मला सहापैकी सहा हवे होते. इतकंच. तक्त्यात पाच लिहायला काय जात होतं? तो बाण भात्यातून काढून ठेवायला काय जात होतं? पण मी उत्साहात होतो, तक्ता मनात आधीच पूर्ण झाला होता, आणि वॉल्टरने काच खाली करून विचारलं, "ऑल सिक्स?"

"ऑल सिक्स."

तो इतका खूश झाला! परत येताना कॉफीच्या दुकानात त्याने आपल्या दोन मित्रांना माझी वही दाखवली. एक अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेताच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला झाडावरच्या मचाणावर. आठच्या सुमाराला तो मला बोलवायला आला. चेहरा उतरलेला. नर होता, अठ्ठावीस यार्डांवर, डावीकडे तोंड करून उभा, अगदी शांत. बाण मागे लागला असं त्याला वाटत होतं. "आय थिंक आय पुल्ड इट." म्हणजे सोडताना आपलाच हात हलला.

अठ्ठावीस यार्ड. गुणाकार माझा चालता चालता झाला. साडेपाच इंच उजवीकडे. डावीकडे तोंड असलेल्या जनावराच्या उजवीकडे म्हणजे मागे, पोटात.

आता जे सांगायचं आहे ते हे आहे. वरचं सगळं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगून टाकलं असतं.

वॉल्टरने पहिल्याच वर्षी मला एक नियम शिकवला होता: आधी बाण शोध. बाणाला नुसतं रक्त असेल तर तासाभराने मागावर निघ. पोटातला वास येत असेल तर घरी जा, दिवस मावळेपर्यंत जनावराच्या वाटेला जाऊ नकोस. ते जवळच कुठेतरी बसतं आणि तिथेच जीव सोडतं. उठवलंस तर गमावलंस. तो मागाकडे वाकून बघत होता, आणि बाण मला सापडला. हरीण उभं होतं तिथून दहा पावलांवर, आरपार जाऊन मातीत रुतलेला. पिसावर ५. मी तो उचलला. वास आला. न ओळखण्यासारखा नव्हता.

वॉल्टरच्या हातात दिला असता तर त्याने काय केलं असतं? वास घेतला असता. आणि मग सवयीने तळहातावर टोक टेकवून बाण फिरवला असता. तो थरथरताना त्याला दिसला असता.

"गॉट द ॲरो?"

"नो."

मी तो जॅकेटात गुंडाळून लांब सॅकमध्ये घातला.

बाण नाही, म्हणून वॉल्टरने अंदाजाने तासभर थांबायचं ठरवलं. तासाने निघालो. तीनशे पावलांवर, देवदारांच्या दलदलीत, काहीतरी धडपडत उठलं आणि काटक्या मोडत लांब गेलं. आम्ही दोघांनी ऐकलं. त्यानंतर रक्ताचा एक थेंब दिसला नाही. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशीही. सत्तरी ओलांडलेला माणूस गुडघाभर चिखलात, आणि मी त्याच्या शेजारी, पाठीवर बाण.

वॉल्टरने शिकार सोडली. डोळे गेले म्हणाला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला डोळे ठीक आहेत. तेव्हा म्हणाला, मग हात गेले. कॉफीच्या दुकानात कुणी विचारलं तर तो स्वतःवरच ती गोष्ट सांगायचा, हसत, "द प्रोफेसर गेव्ह मी सिक्स परफेक्ट ॲरोज, अँड लुक व्हॉट आय डिड." मी त्याच टेबलाला असायचो. मी मान हलवायचो. असं किती वेळा? मी मोजलेलं आहे. अकरा.

पुढे सहा हिवाळे तो आमच्या समोर राहिला. त्याचा ड्राइव्हवे मीच साफ करायचो, आणि तो खिडकीतून हात वर करायचा. मग तो मुलीकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला गेला. जायच्या आधी धनुष्य आणि भाता माझ्या दारात घेऊन आला. "ओन्ली फाइव्ह," म्हणाला. "सॉरी अबाउट द सिक्स्थ." त्यानंतर दोन वर्षांनी त्याच्या मुलीचा फोन आला. वॉल्टर गेला होता.

फोन आला त्या शनिवारी मी बेसमेंटमध्ये भात्यातली सहावी जागा भरली. त्याआधी पाचव्या क्रमांकाचं टोक गरम करून आतला डिंक मऊ केला, पाव वळसा फिरवलं, गार होऊ दिलं आणि बाण फळीवर उभा करून फिरवला. गुणगुणला. छातीत तीच जुनी उकळी आली, हेही सांगतो. मग घड्याळ बघितलं आणि वहीत, सीझनच्या आदल्या दिवसाच्या त्या पानावर, "धरू नये" खोडून या कामाला लागलेला वेळ लिहिला.

चार मिनिटं.