न कापलेला चंबू

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका संशयी आणि तितकाच प्रेमळ माणूस हावड्याच्या पुलाच्या अलीकडे झाला नाही आणि पलीकडे होण्याची शक्यता नाही. सत्तर सालाच्या सुमारास नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीबरोबर मी कलकत्त्याला आले, तेव्हा कालीघाटजवळच्या त्या इमारतीच्या जिन्यात पहिल्यांदा दिसले ते काकाच. "मराठी ना? या, या," म्हणत त्यांनी आमची ट्रंक हातात घेतली, उलटी केली, तळ निरखला आणि मग म्हणाले, "गंज नाही. न्या आत." त्या दिवसापासून आमचे रेशनकार्ड, आमचा दूधवाला, आमची मोलकरीण, सगळे त्यांनीच बघून दिले. दूधवाल्याच्या कॅनमध्ये तर त्यांनी कोपरापर्यंत हात घातला होता.

काका बजबजच्या तेलाच्या डेपोत तपासनीस होते. दिवसभर टाक्यांत डोकावून आलेला माणूस घरी आल्यावर डोकावायचा थांबेल, ही अपेक्षाच चूक. मिठाईवाल्याकडून संदेश घेतला तर दुकानातच त्याचे दोन तुकडे करून बघत. आमच्याकडे पुरणपोळी असली की पहिली पोळी उघडून पुरण कडेपर्यंत गेले आहे का ते पाहत आणि मगच तूप मागत. एका गणेशचतुर्थीला काकूंनी त्यांना पूजेच्या नारळासाठी पिटाळले. काकांनी नारळ हलवला, कानाशी धरला, तरी समाधान होईना, म्हणून दुकानदाराकडून फोडून घेतला. उत्तम निघाला. दोन वाट्या घेऊन विजयी मुद्रेने घरी आले तर गुरुजी पाटावर बसलेले. काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, कलशावर अख्खा लागतो. खोबरं नाही."

पण चंबूची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. काकूंकडे त्यांच्या आईचा पितळी चंबू होता, गोल पोटाचा आणि अंगठा जेमतेम जाईल एवढ्या तोंडाचा. तीस वर्षे त्या घराने त्यातलेच पाणी प्यायले. एके दिवशी काकांच्या मनात आले, की आत हिरवे साचले असेल तर? काकू भाजीला गेल्या होत्या, तेवढ्यात चंबू घेऊन ते भांडीवाल्याकडे गेले आणि त्याची मान कापून आणली. आतून चंबू सोन्यासारखा लखलखत होता. काकू रोज चिंच आणि रांगोळी घालून तो खळखळवून धूत होत्या, हे काकांना तीस वर्षांत माहीत नव्हते. काकूंनी दोन्ही तुकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "बघितलंत?" पुढचे दोन दिवस त्या घरात फक्त रेडिओ बोलत होता. तिसऱ्या दिवशी काका माझ्याकडे येऊन म्हणाले, "पोरी, तिला तसाच चंबू करून देणार. निवृत्त होऊन पुण्याला जायच्या आत. माझ्या हातानं."

आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा मिस्त्री लेथवर पलंगाचे पाय आणि लाटणी कातायचा. हौस आली की तो लाकडाचे चंबूही करी. बाहेरून गोल आकार आणला की तोंडाला एक भोक पाडायचे आणि वाकड्या टोकाची सळई त्यातून आत घालून सगळे पोट पोखरायचे. हात बाहेर, धार आत, आणि दिसत काहीच नाही! काकांनी नेमकी हीच विद्या निवडली. पोहता न येणाऱ्याने थेट विहीरच गाठावी तसे झाले. मिस्त्री सांगायचा, "बाबू, देखबेन ना, शुनबेन." बघू नका, ऐका. भिंत जाड असेपर्यंत आवाज भरीव येतो, पातळ झाली की पोकळ होतो. काकांचा कानावर काडीचा विश्वास नव्हता. पहिल्याच दिवशी सळई आत अडकली आणि आंब्याचा ठोकळा सुटून मिस्त्रीच्या चहाच्या भांड्यावर जाऊन आदळला. दुसऱ्या खेपेला भिंत आरपार फुटली, तेव्हा मिस्त्री हळहळला आणि काकांनी मात्र आनंदाने त्या भोकाला डोळा लावला.

तिसरा चंबू अखेर धड झाला. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो, पण काकांनी करवत मागितली आणि त्याचे उभे दोन भाग केले. भिंत सगळीकडे सारखी झाली आहे का, हे बघायला नको? नव्हती. मग चौथा, पाचवा, सहावा. लोडशेडिंग नसेल त्या प्रत्येक शनिवारी एक चंबू जन्मायचा आणि त्याच संध्याकाळी उभा चिरला जायचा. काकूंच्या स्वयंपाकघरात एका अर्ध्या चंबूत लसूण, एकात काड्यापेट्या, एकात साबण. चार अर्धे माझ्याकडे आले. "आबार काटबेन?" मिस्त्री दर वेळी विचारायचा, पुन्हा कापणार? आणि नाइलाजाने करवत पुढे करायचा.

निवृत्ती झाली, सामान बांधले गेले. शेवटच्या शनिवारी काकू स्वतः गल्लीत आल्या. मी त्यांच्याबरोबर होते. काकांनी डोके खाली घालून दोन तास काम केले, आणि खरे सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटलेले मी पाहिले. लेथ थांबला. मिस्त्रीने सवयीने करवत पुढे केली. काकांनी ती घेतली, काकूंकडे पाहिले, पुन्हा चंबूकडे पाहिले. मग त्यांनी करवत खाली ठेवली आणि चंबू काकूंच्या हातात दिला. "आतून कसा झालाय, देव जाणे," ते पुटपुटले. काकू म्हणाल्या, "असू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

काका देवाघरी गेल्यावर दोनेक वर्षांनी मी पुण्याला काकूंना भेटायला गेले. चंबू कोनाड्यात होता. मी तो सहज उचलला तर एका अंगाला चांगलाच जड! खाली कागदाची छोटी घडी होती.

"कलतो गं एका बाजूला," काकू म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं मला. म्हणून ती घडी."

"काकांना?"

"ते रोज समोर बसून म्हणायचे, सगळीकडून सारखा झालाय." काकू हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "सगळं जग उलटं करून बघितलं त्यांनी. हा मात्र एकदाही उचलून पाहिला नाही."

मी चंबू पुन्हा त्या घडीवर नीट टेकवून ठेवला.