धवलेरी ‘कट’ला थांबत नाही

मुंबईच्या एका सिनेमा कंपनीने माझ्या काकीला फसवलं. मला नाही, काकीला. मला फसवणारा माणूस अजून डहाणू रोड स्टेशनात उतरलेला नाही.

मी व्यवहारी बाई. तलासरी नाक्यावर टोपली मांडून भाजी विकायला सुरुवात केली, पुढे हायवेवर शूटिंगला येणाऱ्यांना डबे द्यायला लागले. डबे देता देता कळलं की या लोकांना जेवणापेक्षा माणसं जास्त लागतात. कधी मोर्चा पाहिजे, कधी बाजार, कधी पुरातून वाचलेला अख्खा गाव. मी म्हटलं, मिळेल. तेव्हापासून आशागडपासून बोर्डीपर्यंत कुठेही कॅमेरा लागायचा असला की पहिला फोन मला. बोर्डीचा समुद्र मी केरळ म्हणून दिलाय आणि चिकूची वाडी आसाम म्हणून. एका हिरोने चिकूच्या झाडाकडे मान वर करून विचारलं, “चहाची झाडं एवढी उंच असतात?” मी म्हटलं, “साहेब, आमच्याकडे कपपण मोठे असतात.” त्याने ते खरं धरलं.

तर या कंपनीचा मॅनेजर आला. गॉगल कपाळावर, आणि ‘ताई’शिवाय वाक्य नाही. “ताई, एक आदिवासी लग्न पाहिजे. एकदम ओरिजिनल. डायरेक्टर साहेबांना खोटं चालत नाही.”

आमच्यात लग्न भटजी लावत नाही. धवलेरी लावते, आणि तीही गाऊन. माझी काकी धवलेरी आहे. आमच्या आणि आजूबाजूच्या पाड्यांतल्या निम्म्या लोकांची लग्नं तिच्या गळ्यातून लागलेली. मी मॅनेजरला तिच्यापुढे नेऊन बसवलं.

काकीने विचारलं, “नवरा-नवरी कोण?”

त्याने हिरो-हिरॉइनची नावं सांगितली. काकीला ती माहीत नव्हती. “कुठल्या पाड्याची?”

“मुंबईची. पण त्यांचं खरं लग्न नाही काकी, ॲक्टिंग आहे.”

“तुझी ॲक्टिंग असेल. मी गायले की लग्न लागतं. मग उद्या ती पोर माझ्या दारात येऊन रडली तर मी काय करू?”

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मला हसू आवरेना, पण डोकं चालू होतं. आमच्यात आधी घर मांडतात, लग्नाचं गावजेवण जमेल तेव्हा जमेल. माझ्या सख्ख्या भावाचं आणि वहिनीचं अजून जमलेलंच नव्हतं. त्यांची थोरली मुलगी दहावीला बसली होती. मी म्हटलं, “साहेब, तुम्हाला ओरिजिनल पाहिजे ना? माझ्या भावाचं लग्न लावा. मांडव तुमचा, जेवण तुमचं, वहिनीचं लुगडं तुमचं. कॅमेरा लांबून भावावर धरा, जवळून हिरोवर धरा. लांबून सगळे नवरे सारखेच दिसतात.”

पैशाचा मी शब्दही काढला नाही, म्हणून तो आणखीच घाबरला. “आणि ताई, तुमची अट?”

अट माझी नव्हती, काकीची होती. मांडवात सुरू झालेलं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत जायला पाहिजे. अर्ध्यात तोडलेलं गाणं म्हणजे अर्ध्यात सोडलेलं लग्न. “तुमच्या सिनेमात घेतलं तर पुरतं घ्या,” काकी म्हणाली. “पुरतं नको असेल तर अजिबात घेऊ नका.” मॅनेजरने डायरेक्टरला फोन लावला, स्पीकरवर. डायरेक्टर म्हणाला, “काकी, आपका गाना पूरा रहेगा, मेरी जबान है.” काकीला हिंदी फार येत नाही, पण जबान कळली.

लग्नाच्या दिवशी पहिलं भांडण भिंतीवरून. भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाच्या देवीचं चित्र, लिहायचा मान आमच्या सवाशिणींचा. कंपनीच्या आर्ट डायरेक्टरने आदल्या दिवशीच ऑइल पेंटने तो काढून ठेवलेला. नाचणाऱ्यांचा फेरा काढला, तारपा वाजवणारा काढला, मोर काढला, एक कुत्रापण काढला. काकीने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. “देवी कुठाय?” जिच्यासमोर लग्न लागतं ती पालघट देवीच नव्हती. पत्रिका छापावी आणि नवरीलाच विसरावं तसं ते. सवाशिणींनी अख्ख्या भिंतीला शेण फासलं आणि तांदळाच्या पिठाने नवा चौक लिहिला. आर्ट डायरेक्टर कोपऱ्यात उभा राहून फोटो काढत होता आणि ‘वाव, वाव’ करत होता. कोंबडं शेणात फिरताना असंच करतं.

मग काकी गायला लागली.

भाऊ नव्या धोतरात, वहिनी लाल लुगड्यात, दोघांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. त्यांची पोरं वऱ्हाडात पुढे. बाजूला हिरो भावासारखंच धोतर नेसून उभा, एका हाताने ते धरून. डायरेक्टरला हवं तेवढं मिळालं असावं. तो ओरडला, “कट!”

काकी गात राहिली.

“कट! कट! कोई उनको बोलो!”

मी पुढे झाले. काकीने गाता गाता माझ्याकडे असं बघितलं की मी होते तिथेच बसले. माझ्या रागाला नाका घाबरतो, पण हा राग आला कुठून ते मला त्या दिवशी समजलं. कॅमेरावाल्याने बॅटरी बदलली. लाइटवाल्यांनी चहा घेतला. हिरॉइनने विचारलं, “ये कितना लंबा है?” मी म्हटलं, “पूरा है.” तोवर साउंडवाला पोरगा कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसला होता, आणि त्याने मशीन बंद केलं नाही. शेवटची ओळ झाली, काकीने पदराने तोंड पुसलं. सगळं युनिट टाळ्या वाजवायला लागलं.

डायरेक्टर धावत आला. “ब्यूटिफुल! टेक टू!”

“काय म्हणतो?” काकीने विचारलं.

“परत गा म्हणतो.”

“परत कसं गो? लग्न झालं. आता यांचा काडीमोड करू आणि परत लावू?”

भाऊ म्हणाला, “थांबा, विचार करू द्या,” आणि वहिनीने सगळ्यांदेखत त्याच्या पाठीत धपाटा घातला. तोही कॅमेऱ्यात आलाय म्हणतात. त्या दिवशी आम्ही इतके हसलो की जेवण वाढायला उशीर झाला. भात, डाळ, मटण, सगळं भरपूर. कंपनीने जेवणात हात आखडला नाही, ते मी नाकारत नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही टेम्पो करून वापीच्या मॉलला गेलो. दारात आमच्या भाकऱ्या काढून घेतल्या, सरकत्या जिन्यावर दोन म्हाताऱ्या उलट्या दिशेने चढल्या, आणि थंडीने आम्ही सगळे एकमेकांना चिकटून बसलो. भिंतीवरचा चौक दिसला, आम्ही ओरडलो. लांबून भाऊ दिसला, शिट्ट्या. पण लग्नात काकीचा आवाज नव्हता. मुंबईची कुणी बाई सतारीवर गात होती. मी म्हटलं ठीक, अजिबात घेतलं नाही, तेही अटीत बसतं.

सिनेमा संपला, पडद्यावर नावं धावायला लागली, आणि ढोलताशाच्या धडाक्यात काकी! दोन ओळी. पुन्हा त्याच दोन. पुन्हा त्याच. आमची रांग नाचायला उठली. मीपण नाचले. काकी मात्र बसून होती, तिसऱ्या ओळीची वाट बघत.

दिवे लागले. झाडूवाले आत आले. काकी उभी राहिली आणि तिसऱ्या ओळीपासून तिने गाणं पुढे घेतलं, शेवटपर्यंत. झाडूवाले झाडू टेकून थांबले. बाहेर पुढच्या खेळाची माणसं खोळंबली, थिएटरचा मॅनेजर आला, तोही थांबला. टेम्पोत आम्ही पोट धरून हसत आलो.

हसणं फार दिवस पुरलं नाही. त्या दोन ओळी गाजल्या. आता डहाणू-तलासरीत हळदीला डीजे तेच लावतो. डीजे ओळी तोडतो, आणि काकी मांडवात असली की उठून उरलेलं गाणं पुरं करते. न बोलावलेल्या मांडवातून आवाज आला तरी रस्त्यात उभी राहून गाते. “माझ्या तोंडून सुटलंय, मलाच पोचवायला पाहिजे,” म्हणते. परवा खऱ्या लग्नात, तिने लावायच्या लग्नात, तिचा घसा बसला. दुसऱ्या धवलेरीला बोलवावं लागलं. काकी चुलीजवळ बसून राहिली.

मी म्हटलं, निदान अख्खं गाणं लोकांना ऐकू दे. भाच्याने स्वतःच्या मोबाइलवर घेतलेला आईबापाच्या लग्नाचा व्हिडिओ नेटवर टाकला. तो उडवला. का, तर आवाजाचा हक्क कंपनीचा! मी मॅनेजरला फोन लावला.

“ताई, तो क्रिएटिव्ह डिसिजन होता.”

“आणि जबान?”

“ते तोंडी होतं ना ताई.”

“तोंडीच होतं. काकीचं सगळंच तोंडी आहे. तेच तर तुम्ही विकलंत!”

त्याने फोन ठेवला, आणि आता उचलत नाही.

म्हणून डायरेक्टर साहेब, इथे छापून विचारते. काकीचं पुरतं गाणं तुमच्याकडे आहे, त्या साउंडवाल्या पोराने मशीन बंद केलं नव्हतं. ते पुरतं बाहेर काढा, नाहीतर त्या दोन ओळी तरी मागे घ्या. आणि यातलं काहीच जमत नसेल तर तलासरीला या, काकीसमोर बसा, आणि तिच्या तोंडावर सांगा की तुम्ही तोडलेलं गाणं तिने आणखी किती मांडवांत जाऊन पुरं करायचं. जबान तुमची होती. उत्तर कोण देणार?