खाली घर हैं

"नाही म्हणजे नाही! सरकारी कामातलं बाहेर बोलायचं नसतं, मृणाल."

"कमाल करता बाबा! त्रेचाळीस वर्षं झाली. सरकारला तरी याद असेल का?"

"मला आहे ना. पुरे."

भोपाळच्या इंद्रपुरीतल्या त्या बैठकीच्या खोलीत पोह्यांवरची शेव मऊ पडत चालली होती. अच्युतरावांच्या हातात पत्र होतं, पार पूर्वेच्या सीमेवरच्या दोरजी नावाच्या माणसाचं. 'तुम्ही आमच्या दरीत मोजणीला आला होतात. माझ्या वडिलांनी तुमचं सामान वाहिलं. नाल्यापलीकडे माणसं राहत होती, एवढं लिहून द्या. आमच्या जमिनीसाठी कोर्टात तारीख लागली आहे.'

"दोन ओळी, बाबा! सच आहे ना ते?"

"सच आहे गं. म्हणून तर लिहायला हात उचलवत नाही."

त्या दरीचं दुखणं जुनं. इंग्रजांच्या लाटसाहेबाने नकाशावर एक रेघ ओढली, पलीकडच्या बादशहाने दुसरी. मधल्या डोंगरांना कुणी विचारलं नाही. साम्राज्यं गेली, रेघा तेवढ्या राहिल्या. ज्याची माणसं तिथे राहतात त्याचा दावा बळकट, म्हणून मोजणीत एकेका चुलीला मोल होतं.

कारखान्यातल्या नोकरीसाठी भोपाळला यायच्या आधीची ही गोष्ट. बावीस वर्षांचा अच्युत वाईहून थेट मोजणीच्या तुकडीत साखळी धरायला गेला. त्याची हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडायचं. लखनौचे साहेब रोज मजा घ्यायचे, "मराठा जी, फिर से बोलिए, बड़ा आनंद आता है!"

"मी कड्यावर होतो," अच्युतराव म्हणाले. "नाल्यापलीकडे, खालच्या अंगाला सात घरं दिसली. धूर निघत होता. मी ओरडलो, 'साहब, नाले के पार खाली घर हैं!'"

मृणालच्या हातातला चमचा थांबला. "खाली..."

"मला म्हणायचं होतं, तळाशी. साहेबांनी वहीत लिहिलं, रिकामी घरं. वस्ती नाही."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"संध्याकाळी वही पाहिली तेव्हाच कळलं. सगळे चहा पीत बसले होते. म्हटलं, आता तोंड उघडलं तर महिनाभर हसतील. उद्या सांगू. उद्या साहेब पुढच्या तळावर गेले."

"आणि?"

"आणि काय! कागदावर माणूस नव्हता, म्हणून तिथला खरा माणूस घुसखोर ठरला. नाल्यापलीकडचा तो पट्टा सरकारने बंद केला, सातही घरं उठवली. ज्याने माझं ओझं पाठीवर वाहिलं, त्याचंही घर त्यातच. म्हातारा पुढे सडकेवर खडी फोडत गेला. लिहिलंय पोराने, शेवटून तिसऱ्या ओळीत."

मृणालने बशी बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "तर हेच लिहा. शब्द चुकला, म्हणून लिहा."

"आणि वाचेल तेव्हा तो काय म्हणेल? हसण्याच्या भीतीपायी आमची दरी घालवली?"

"म्हणू दे ना! त्याला जमीन तरी मिळेल. तुमची लाज वाचवून त्याला काय मिळणारे? बाबा, तारीख सोमवारी आहे. लिहिताय ना?"

अच्युतराव उठले. पत्राची घडी घातली, ती टेबलावर पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. चपला शोधायला त्यांना उगाच वेळ लागला.

"बाबा, मी तुमच्याशी बोलतेय!"

फाटकाची कडी वाजली.